चाक निखळलं की आधी बोट ड्रायव्हरकडे : ट्रकच्या 'रिकॉल'ची गोष्ट

'रिकॉल' हा शब्द आपल्याकडे कारवाल्यांचा होऊन बसलाय. अमुक कंपनीने तमुक हजार गाड्या परत बोलावल्या, एअरबॅगमध्ये दोष, फ्युएल पंपात दोष, अशी चार ओळींची बातमी येते. आम्ही ती आतल्या पानावर कोपऱ्यात लावतो आणि विसरून जातो. पण ट्रकबद्दल अशी बातमी तुम्ही शेवटची कधी वाचली? आठवून बघा. मी बातम्यांच्या धंद्यात वीसेक वर्षं आहे, मलाही पटकन आठवत नाही. आणि हे मी सोलापुरात बसून म्हणतोय. पुणे-हैदराबाद, विजयपूर, रत्नागिरी असे सगळे रस्ते इथं येऊन मिळतात. होटगीचं सिमेंट, मार्केट यार्डातला कांदा, तीस-चाळीस कोसांतला ऊस, सगळं ट्रकच्या पाठीवर चालतं. एवढे ट्रक, एवढे नवे मॉडेल, आणि एकातही कधी कारखान्यातला दोष नसतो? पटत नाही ना? मग ते दोष जातात कुठं?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात ट्रक आहे, निदान त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या गाळप हंगामात ओळखीतले एक गाडीमालक भेटले. एकच गाडी, दहा टायरी, घेऊन दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं, हप्ते चालू. मागच्या हबमध्ये दुसऱ्यांदा बिघाड झाला होता. वर्कशॉपने वॉरंटी नाकारली आणि जॉबकार्डवर कारण लिहिलं, 'ओव्हरलोड'. एका शब्दात विषय संपला. पण त्याच वर्कशॉपातल्या एका पोराने त्यांच्या मोबाईलवर एका कागदाचा फोटो गुपचूप पाठवला होता. इंग्रजीत. वर कंपनीचं नाव, खाली चॅसी नंबरांची एक रांग, 'या नंबरपासून या नंबरपर्यंत', आणि त्याखाली बदललेल्या पार्टचा नवीन नंबर. ते मला म्हणाले, "पत्रकार, हे काय लिहिलंय ते जरा सांगा की. माझा नंबर यात बसतो म्हणतोय पोरगा."

नंबर बसत होता. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, कारण त्यांचं प्रकरण अजून चालू आहे.

त्या कागदाला बाहेरच्या देशांत टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन म्हणतात. आपल्याकडचे मेस्त्री 'कंपनीचं सर्क्युलर' म्हणतात, कुठं 'कॅम्पेन' म्हणतात. गाडी बाजारात आल्यावर वर्ष-सहा महिन्यांत तक्रारी यायला लागतात. कुणाचा सेन्सर मरतो, कुणाची वायर घासते, कुणाचं ऑइल सील गळतं. कंपनीचे इंजिनिअर त्यावर उपाय काढतात आणि डीलरला लिहून कळवतात, की या नंबरच्या गाड्यांत अशी तक्रार आली तर अमुक पार्ट बदला, तमुक सॉफ्टवेअर टाका, एवढ्या तासांची मजुरी धरा. हा कागद कंपनीकडून वर्कशॉपला जातो. मालकाला पत्र येत नाही. तुम्ही तक्रार घेऊन गेलात आणि वॉरंटीत असलात तर काम फुकट होतं. तक्रार केली नाहीत तर कुणी बोलवायला येत नाही. वॉरंटी संपल्यावर गेलात तर बिल तुमचं.

रिकॉल वेगळा. तिथं दोष जिवाशी खेळणारा असतो, ब्रेकचा, स्टिअरिंगचा, चाकाचा, आगीचा. किंवा मग प्रदूषणाचा. तिथं कंपनीने मालकाला शोधून काढायचं, पत्र पाठवायचं, गाडी बोलवायची आणि पैसा न घेता दुरुस्त करायची. तक्रार आलेली असो वा नसो.

आता बघा, कोणता दोष सर्क्युलरमध्ये मिटवायचा आणि कोणता रिकॉलमध्ये जाहीर करायचा, हे पहिल्यांदा ठरवतं कोण? कंपनीच. सगळा इतिहास या एका फटीतून घडलाय.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. भारतात मोटारीचा कारखाना काढायचं वेड ज्या माणसाने घेतलं ते वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२ चा. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या. डॉज आणि फार्गो ट्रक जुन्या लोकांना अजून आठवत असतील. पुढं १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर जमशेदपुरात ट्रक सुरू केला, तिकडं मद्रासला अशोक मोटर्सची १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. त्यानंतरची कित्येक वर्षं हे दोन-तीन बोनेट आणि नाकं म्हणजेच भारतातला ट्रक.

त्या काळात लायसन्स राज होतं. किती गाड्या बनवायच्या तेही सरकार ठरवणार. गाडी मिळणं हेच नशीब, मग तक्रार कोण करतो? दोष निघाला तर आपला मेस्त्री तो काढायचा. पाटे वाढवायचा, वेल्डिंग मारायचा, बॉडी बांधताना चॅसीला पट्टी द्यायचा. आपल्याकडच्या मेस्त्रीच्या हुशारीचं आपण फार कौतुक करतो, आणि ते खरंही आहे. पण त्या हुशारीने कंपन्यांचे किती दोष परस्पर झाकले गेले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. दोष कागदावर आलाच नाही. १९३९ चा मोटार वाहन कायदा गेला, १९८८ चा आला. त्यात ड्रायव्हरने काय करायचं, मालकाने काय करायचं, परमिट, पासिंग, विमा, सगळं होतं. विकलेली गाडी सदोष निघाली तर ती परत बोलवा, असं कंपनीला सांगणारं कलम नव्हतं.

अमेरिकेत हे कलम १९६६ मध्येच आलं. त्याच्या आदल्या वर्षी राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने मोटार कंपन्यांवर एक पुस्तक लिहिलं आणि देश हादरला. सप्टेंबर १९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, सुरक्षेचा दोष सापडला तर मालकाला कळवायचं. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. दोषाबद्दल डीलरला जे सर्क्युलर पाठवाल, त्याची प्रत सरकारलाही द्यायची. म्हणजे आपल्या त्या वर्कशॉपच्या पोराने जे लपूनछपून केलं, ते तिथं कंपनीवर कायद्याने बंधनकारक झालं. फुकट दुरुस्तीची सक्ती मात्र १९७४ च्या दुरुस्तीत आली, तोवर फक्त कळवायचं. आणि २०१२ च्या कायद्याने ही सर्क्युलरं इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडी ठेवायला लावली. आज तिकडचा ट्रकवाला आपल्या मॉडेलचं नाव टाकून घरबसल्या बघू शकतो, की कंपनीने डीलरला काय काय कळवलंय.

(योगायोग बघा, आपल्या पुण्यातली एआरएआय, म्हणजे गाड्या तपासणारी संस्था, तीही १९६६ चीच. संस्था त्याच वर्षी आली. कायद्याला पुढं त्रेपन्न वर्षं लागली.)

या अमेरिकन कायद्यातला एक खटला प्रत्येक ट्रकवाल्याला माहीत असावा असं मला वाटतं. जनरल मोटर्सने १९६० ते १९६५ या काळात पाऊण टनी पिकअप ट्रक विकले होते. त्यातल्या सुमारे दोन लाख गाड्यांना एका विशिष्ट मापाची चाकं होती. ती चाकं तडकायला लागली, चालत्या गाडीत फुटायला लागली. कंपनी काय म्हणाली? लोक जास्त माल भरतात. गाडीच्या पाठीवर राहायच्या खोलीचा सांगाडा, ज्याला ते कॅम्पर म्हणतात, तो चढवतात, त्याचं वजन चाकाला पेलत नाही. कॅम्परवाल्या गाड्यांची चाकं फुकट बदलून देतो, बाकी चाकात दोष नाही. थोडक्यात, जॉबकार्डवरचा तोच शब्द. ओव्हरलोड.

सरकार कोर्टात गेलं. १९७५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने जे सूत्र मांडलं, ते माझ्या भाषेत असं : गाडी लोक कशी वापरणार हे कंपनीला आधीच कळण्यासारखं असेल, थोडाफार जादा माल, थोडी हयगय, तर त्या वापरात मोठ्या संख्येने पार्ट तुटणं हा दोषच. मालकाने नियम मोडला एवढं म्हणून कंपनी सुटत नाही. मात्र कुणाला कल्पनाही येणार नाही असा भलताच वापर केला असेल, किंवा वयोमानाने पार्ट झिजला असेल, तर ती कंपनीची जबाबदारी नाही.

हे सूत्र होटगी रोडला उभं राहून वाचा. आपल्याकडे ट्रक ओव्हरलोड चालतात हे कुणाला माहीत नाही? पोलिसांना माहीत आहे, आरटीओला माहीत आहे, कारखान्याच्या वजनकाट्याला माहीत आहे. ट्रक बनवणाऱ्या कंपनीला तर सगळ्यात जास्त माहीत आहे. गाडी विकताना सेल्समन काय बोलतो ते विचारा कुणालाही, "साहेब, पासिंगचं सोडा, गाडी ओढते किती ते बघा." विकताना जादा माल हा गाडीचा गुण असतो आणि हब फुटल्यावर तोच मालकाचा गुन्हा होतो. आणखी एक गंमत. जुलै २०१८ मध्ये केंद्राने आसांवरच्या वजनाची मर्यादाच वाढवली. दोन आसांचा ट्रक १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेला, तीन आसांचा २५ वरून २८.५ वर. जूनमध्ये ज्या वजनाला ओव्हरलोड म्हणत होते, ते ऑगस्टमध्ये कायद्यात बसणारं झालं.

मी ओव्हरलोडची वकिली करत नाही, गैरसमज नको. ओव्हरलोड गाडीने मेलेल्या माणसांच्या बातम्या मीच लिहितो. दंड करा, माल उतरवून घ्या. पण मालकाच्या चुकीने कंपनीची चूक धुऊन निघत नाही, या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. आपल्याकडे मात्र पहिली सापडली की दुसरी शोधतच नाहीत. अपघाताच्या पंचनाम्यात 'वाहनाचे चाक निखळल्याने' असं लिहिलं जातं. का निखळलं, ही ओळ नसते. गुन्हा ड्रायव्हरवर, हयगयीचा.

आता जपान. ही गोष्ट जास्त भयंकर आहे.

मित्सुबिशी ही तिथली बडी कंपनी. २००० साली तिथल्या वाहतूक मंत्रालयाला निनावी खबर लागली आणि तपासणीत उघड झालं, की ग्राहकांच्या तक्रारींची कंपनी दोन ठिकाणी वर्गवारी करत होती. काही फायली सरकारला दाखवायच्या, बाकीच्या लपवायच्या. कपडे बदलायच्या खोलीतल्या लॉकरमध्ये फायली सापडल्या. हे १९७७ पासून चालू होतं. लपवलेले दोष गाडी सर्व्हिसिंगला आली की गुपचूप दुरुस्त करून द्यायचे, मालकालाही कळू न देता. जपानीत त्याला नावच आहे, 'यामी'तली दुरुस्ती. यामी म्हणजे अंधार. सर्क्युलर आणि रिकॉल यांच्यातली जी फट मी वर सांगितली, तिचा असा पद्धतशीर वापर.

कंपनीने माफी मागितली, सुधारू म्हणाली. सगळं मात्र सांगितलं नाही. जानेवारी २००२ मध्ये योकोहामात एका मित्सुबिशी ट्रकचं पुढचं चाक हबसकट तुटलं आणि रस्त्याच्या कडेने चाललेल्या एका बाईला जाऊन धडकलं. वय एकोणतीस. सोबत तिची दोन लहान मुलं होती. मुलं जखमी झाली, आई गेली. कंपनीचं म्हणणं काय होतं? मालकाने देखभाल नीट केली नाही, हब झिजलेला होता. ठपका ट्रकमालकावर, एका साध्या ट्रान्सपोर्टवाल्यावर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यामागुचीत दुसऱ्या एका मित्सुबिशी ट्रकच्या क्लचच्या घरात बिघाड झाला, ब्रेक गेले आणि ड्रायव्हर मेला.

दोन वर्षं कंपनी 'देखभाल' एवढंच म्हणत राहिली. पण हब तुटायच्या घटना त्याआधीही अनेक झाल्या होत्या आणि कंपनीच्या दप्तरात होत्या. मार्च २००४ मध्ये मित्सुबिशी फुसोने शेवटी कबूल केलं, की हबची रचनाच कमजोर आहे. एक लाखाच्या वर गाड्या परत बोलावल्या. काही आठवड्यांत फुसोच्या माजी अध्यक्षासह मोठमोठ्या अधिकाऱ्यांना अटक झाली. योकोहामाच्या मृत्यूबद्दल गुणवत्ता खात्यातल्या दोन माजी अधिकाऱ्यांची शिक्षा २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. चाक निखळलं म्हणून कंपनीचे साहेब दोषी ठरले. आपल्याकडे हे वाक्य परीकथेसारखं वाटतं.

आपल्याकडे काय झालं? आपली गोष्ट कारपासून सुरू होते, कारण कारवाला आवाज करतो. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुतीने ए-स्टारच्या एक लाख गाड्या फ्युएल पंपाच्या गॅस्केटसाठी बोलावल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत एक कोरी नॅनो घरी नेताना पेटली, आणखीही काही पेटल्या. नोव्हेंबरमध्ये टाटांनी सगळ्या नॅनोंना जादा संरक्षण फुकट बसवून द्यायचं जाहीर केलं. पण सोबत हेही सांगितलं, की हा रिकॉल नव्हे. काम तेच, गाड्या सत्तर हजारांच्या आसपास, फक्त शब्द नको. शब्दाला एवढं घाबरायचं कारण काय, ते वरच्या जपानच्या गोष्टीत आहे.

जुलै २०१२ मध्ये कंपन्यांच्या संघटनेने, सियामने, स्वतःच आचारसंहिता केली. सात वर्षांपर्यंतच्या गाडीत सुरक्षेचा दोष सापडला तर स्वेच्छेने बोलवू. स्वेच्छेने, हा शब्द लक्षात ठेवा. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने इथं सरकारला कळवलं, की २००५ पासूनच्या १ लाख १४ हजार तवेरा नियमात बसत नाहीत, प्रदूषण चाचणीत आमच्याच माणसांनी लबाडी केली. तवेरा म्हणजे आपल्याकडची वडाप आणि लग्नाची गाडी. ती परत बोलावली हे किती मालकांना कळलं असेल देव जाणे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या धुराच्या घोटाळ्यात एआरएआयच्या तपासणीनंतर ३ लाख २३ हजार गाड्या बोलवायचं ठरलं. म्हणजे गाड्या परत येत होत्या, पण कंपनीने मनावर घेतलं तर किंवा परदेशात बोभाटा झाला तर.

कायदा आला २०१९ मध्ये. मोटार वाहन कायद्याच्या त्या दुरुस्तीची चर्चा आपल्याकडे एकाच गोष्टीची झाली, हेल्मेट नाही तर किती दंड. आम्हीही तेच छापलं, कारण तेच वाचलं जायचं. त्याच कायद्यात कलम ११० अ शांतपणे आत आलं. गाडीतल्या दोषाने ड्रायव्हरला, आत बसलेल्यांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका असेल, तर केंद्र सरकार कंपनीला त्या जातीच्या गाड्या परत बोलवायचा हुकूम देऊ शकतं. कंपनीने पैसे परत करायचे, किंवा गाडी बदलून द्यायची, किंवा दुरुस्त करायची. कंपनीने दोष स्वतःहून सांगितला आणि गाड्या बोलावल्या तर दंड नाही. लपवला तर दंड.

याचे नियम मार्च २०२१ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. तक्रार वाहन पोर्टलवर करायची. ठराविक संख्येने तक्रारी आल्या की चाचणी संस्था तपासणार. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. कारसाठी वर्षाला दहा हजारांवर खप असेल तर १,२५० तक्रारींचा उंबरठा ठेवलाय. आणि ट्रक-बससाठी? वर्षाच्या विक्रीच्या तीन टक्के.

इथं मी अडकतो. एखाद्या मॉडेलचे वर्षाला दहा हजार ट्रक विकले गेले, तर तीनशे मालकांनी पोर्टलवर जाऊन इंग्रजीत किंवा हिंदीत तक्रार लिहायची. तीही त्याच दोषाची. कार घेतलेला माणूस ऑफिसात संगणकासमोर असतो, चिडला की लिहितो. ट्रकमालक कुठं असतो? गाडी नागपूरला, ड्रायव्हर बिहारचा, मालक हप्त्याच्या तारखेत. त्याला गाडी उभी राहिलेली परवडत नाही, एक दिवस उभी म्हणजे भाडं गेलं. तो तक्रार लिहीत बसत नाही, तो बाहेरच्या गॅरेजात पाच-दहा हजार देऊन गाडी रस्त्यावर आणतो. आणि तक्रार मोजलीच जात नाही. १९५४ मध्ये मेस्त्री जे करत होता तेच आजही चालू आहे, फक्त आता मोजायचं मशीन आहे आणि त्यात काही पडत नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. 'इतर कुठल्याही मार्गाने' कळलेल्या दोषावरही सरकार कारवाई करू शकतं, अशी सोय कलमातच आहे. पण अमेरिकेसारखं सर्क्युलर लोकांना बघायला मिळण्याची सोय आपल्या कायद्यात घातलेली नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तीच.

शिवाय आता गॅरेजवालाही हतबल होत चाललाय. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धुराची जाळी, युरियाची टाकी, जागोजागी सेन्सर. एक सेन्सर बिघडला की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने गाडी ओढायचंच सोडते, भर घाटात असली तरी. आपल्या मेस्त्रीकडे स्कॅनर असला तरी कंपनीची माहिती नसते. सॉफ्टवेअरने बरा होणारा दोष तो पार्ट बदलून बरा करायला जातो, खर्च मालकाचा. ही माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळाली पाहिजे यावर एक मोठी लढाई झालीय. २०११ मध्ये एका ग्राहकाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड ठोठावला, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती दाबून ठेवतात म्हणून. पुढं अपिलं झाली, ते वेगळं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण तो २०१४ चा दंड कारवाल्यांना होता. ट्रक पुन्हा बाजूलाच.

एक गोष्ट मात्र ट्रकवाल्याच्या बाजूची आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. ग्राहक मंचात गेलं की कंपनीचा वकील पहिला मुद्दा काढतो, ट्रक हा धंद्यासाठी घेतलाय, हा ग्राहकच नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच, लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात, ट्रकचंच उदाहरण देऊन सांगितलंय. पोटापाण्यासाठी ट्रक घेऊन तो स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच असतो. दहा गाड्यांचा मालक असाल तर गोष्ट वेगळी. एक गाडी, स्वतःचा संसार त्यावर, तर दार उघडं आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष मालाने नुकसान झालं तर बनवणाऱ्याची जबाबदारी हे वेगळं प्रकरणच आहे. गाडीची किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर मुंबईला जायची गरज नाही, सोलापूरचा जिल्हा आयोग चालतो.

म्हणून ज्यांची गाडी सात वर्षांच्या आतली आहे त्यांना काही कामाच्या गोष्टी सांगतो. आरसीवरचा चॅसी नंबर, पूर्ण सतरा अक्षरं, मोबाईलमध्ये लिहून ठेवा. कंपनी दोषाच्या गाड्या याच नंबरने ओळखते, एमएच-१३ च्या नंबरने नाही. सर्व्हिसिंगला गेलात की सरळ विचारा, "या नंबरवर काही कॅम्पेन किंवा सर्क्युलर बाकी आहे का, संगणकात बघून सांगा." बहुतेक ठिकाणी नंबर टाकला की दिसतं. तोंडी उत्तरावर थांबू नका, जॉबकार्डवर लिहून घ्या. तक्रारही तुमच्या शब्दांत लिहायला लावा, 'जनरल चेकअप' असं लिहून देतात ते घेऊ नका. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. 'ओव्हरलोड' म्हणाले तर कोणत्या तपासणीवरून, हे विचारा, आणि त्या फेऱ्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या व बिल्ट्या टाकून देऊ नका. तुटलेला पार्ट वर्कशॉपला तसाच सोडून येऊ नका, निदान त्यावरच्या नंबरासकट फोटो काढा. पार्टवर बनवल्याची खूण असते. आपल्या चिंचोळीत आणि अक्कलकोट रोडला परदेशी मोटारींचे कॅमशाफ्ट बनतात, तिथल्या कुणाही कामगाराला विचारा, कोणता पार्ट कोणत्या घाण्यातला हे शोधता यावं म्हणून किती नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणजे कंपनीने ठरवलं तर सगळं शोधता येतं.

आणि दोष ब्रेक, स्टिअरिंग, चाक किंवा आगीचा असेल तर बाहेरून दुरुस्ती करून घेतली तरी वाहन पोर्टलवर तक्रार टाका. दुरुस्ती झाली म्हणून तक्रार मरत नाही. ट्रान्सपोर्टच्या संघटनांनी एक माणूस या कामाला बसवला, मालकांकडून चॅसी नंबर आणि तक्रार घेऊन तिथं भरत गेला, तर तीन टक्के हा आकडा वाटतो तेवढा लांब नाही. मार्केट यार्डातल्या दोघा-तिघा ट्रान्सपोर्टवाल्यांशी मी बोललोय, श्रावणानंतर बसू म्हणालेत. ज्यांना यायचंय त्यांनी आरसीची झेरॉक्स आणि जुनी जॉबकार्डं घेऊन या. तारीख ठरली की इथंच टाकतो.